पाठराखीण

गुरुजींची सही जुळेना. १९९६ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. अंबड तालुक्यातील एका शाखेत मी तेव्हा अधिकारी होतो. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निवृत्तिवेतन काढायला येणारे एक वृद्ध शिक्षक काउंटरवर स्लिप ठेवून बाकावर जाऊन बसले होते. कारकुनाने स्लिप माझ्या टेबलावर आणली. नमुना सहीच्या कार्डावर त्यांची सही होती ती ऐसपैस, गोलाईदार, शिरोरेघ एका दमात ओढलेली. स्लिपवरची सही मात्र मुंग्यांच्या रांगेसारखी. पहिले अक्षर बरे, दुसरे लहान, तिसरे त्याहून लहान आणि आडनाव तर ठिपक्यांत विरून गेलेले. मी स्लिप परत पाठवली. त्यांनी दुसरी भरून दिली. ती आणखी बारीक. तिसऱ्या खेपेला मी त्यांना आत बोलावले आणि सगळ्यांच्या देखत विचारले, "गुरुजी, सही तुमचीच ना?" आज लिहितानाही ओशाळल्यासारखे होते.

ते शांतपणे म्हणाले, "हात माझाच आहे साहेब. ऐकत नाही."

काही महिन्यांनी त्यांच्या मुलाकडून कळले की औरंगाबादच्या डॉक्टरांनी कंपवाताचे निदान केले आहे. हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी आधी अक्षर बारीक होत जाणे हे या आजाराचे एक लक्षण असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या विकारावर पुस्तिका लिहिली, म्हणून जगभर तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. पण मेंदूतील ज्या पेशी यात मरतात त्या कशामुळे मरतात, याचा एक मोठा धागा हाती लागायला १९९७ साल उजाडले. म्हणजे मी गुरुजींना तो प्रश्न विचारला त्याच्या पुढच्याच वर्षी. तो धागा एका प्रथिनाचा आहे, आणि त्याच्या मागे मागे गेले की माणूस थेट आपल्या जालन्याच्या मे महिन्यात आणि बियाण्यांच्या पोत्यांपाशी येऊन पोहोचतो. ते कसे, तेच आज सांगायचे आहे.

प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ आठवते, अंडे आठवते. पण पेशीच्या दृष्टीने प्रथिने म्हणजे कामकरी माणसे. साखर जाळणारी, संदेश नेणारी, दार उघडणारी, भिंत बांधणारी. प्रत्येक प्रथिन तयार होते ते एका लांबलचक माळेसारखे. अमिनो आम्लांचे वीस प्रकारचे मणी एका ठरावीक क्रमाने ओवलेले. नुसत्या माळेला काही काम करता येत नाही. तिची विशिष्ट घडी पडली, ठरावीक खाच, ठरावीक उंचवटा तयार झाला, की मगच ती कामाला येते. ही माळ कुठे किती वळू शकते याचा जो नकाशा मद्रासच्या जी. एन. रामचंद्रन यांनी १९६३ साली मांडला, तो आज जगातल्या प्रत्येक जीवरसायनशास्त्राच्या पुस्तकात त्यांच्या नावाने छापलेला असतो.

घडी मोडली तर काय होते हे आपल्या घरात रोज दिसते. अंड्याचा पांढरा बलक तव्यावर पडला की पारदर्शकपणा जाऊन घट्ट होतो. त्यातल्या प्रथिनांच्या घड्या उष्णतेने उलगडल्या आणि उलगडलेल्या माळा एकमेकींत गुंतून बसल्या, एवढेच झालेले असते. दुधात लिंबू पिळल्यावर होणारा प्रकारही याचाच चुलतभाऊ. नासलेल्या दुधाचे पुन्हा दूध होत नाही.

अमेरिकेतील ख्रिश्चन अॅनफिन्सन यांनी एका प्रथिनाची घडी रसायनाने उलगडली आणि ते रसायन काढून घेतल्यावर ती आपोआप पूर्ववत बसते हे दाखवून दिले. १९७२ साली त्यांना त्याबद्दल नोबेल मिळाले. घडीची सगळी माहिती मण्यांच्या क्रमातच असते, हा त्याचा अर्थ. पण ही झाली काचेच्या नळीतली गोष्ट. नळीत जागा मोकळी असते. पेशीच्या आत दाटी एवढी, की आषाढीच्या गर्दीत एस. टी. बसमध्ये उभ्याने नऊवारी लुगड्याची घडी घालण्यासारखा तो प्रकार. शेजारणीच्या लुगड्यात आपला पदर अडकणारच. मग पेशी काय करते?

याचे उत्तर एका चुकीतून मिळाले. इटलीत फेरुच्चो रितोसा नावाचे संशोधक फळांवर घोंगावणाऱ्या बारीक माशीवर काम करीत होते. १९६०च्या आसपासची गोष्ट. प्रयोगशाळेत कोणीतरी माश्यांच्या उबदार पेटीचे तापमान चुकून वाढवून ठेवले. रितोसांनी त्या माश्यांच्या लाळग्रंथीतील गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर एरवी शांत असणाऱ्या ठिकाणी ती फुगून आलेली. गुणसूत्र फुगते म्हणजे तिथल्या जनुकाचे काम जोरात सुरू झालेले असते. उष्णता लागताच पेशीने काही ठरावीक जनुके जागी केली होती. एका नामांकित नियतकालिकाने हा लेख नाकारला. १९६२ मध्ये तो दुसरीकडे छापून आला. त्या जनुकांतून नेमके काय तयार होते हे कळायला आणखी बारा वर्षे गेली. १९७४ साली ती प्रथिने हाती लागली आणि त्यांना उष्माघात-प्रथिने असे नाव पडले. आपल्याकडे काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात सुभाषचंद्र लाखोटिया यांनी याच माशीतील याच प्रतिसादावर उभे आयुष्य घातले, हे मुद्दाम नोंदवतो.

ही प्रथिने करतात काय, तर दुसऱ्या प्रथिनांना सांभाळतात. नुकत्याच ओवलेल्या माळेला जवळ घेतात, तिला भलत्या माळेत गुंतू देत नाहीत, घडी नीट बसली की बाजूला होतात. वनस्पतींच्या पानातील हरितलवकांचा अभ्यास करणारे इंग्लंडचे जॉन एलिस यांनी १९८७ साली अशा प्रथिनांच्या सबंध गोतावळ्याला 'शॅपरोन' म्हटले. तरुण मुलीबरोबर समारंभाला जाणाऱ्या वडीलधाऱ्या बाईला तिकडे हा शब्द आहे. मराठीत मात्र त्याहून नेमका शब्द आहे आणि तो वापरायचे कोणाला सुचले नाही याचे मला नवल वाटते. पाठराखीण. नवी नवरी सासरी जाते तेव्हा तिच्याबरोबर दोन दिवस जाते ती. नवरीला एकटे पडू देत नाही, नको त्या माणसांत अडकू देत नाही, आणि नवरी रुळली की स्वतः माहेरी परत येते. सासरी राहत नाही. एलिस यांच्या व्याख्येतही हेच कलम आहे. शॅपरोन घडी घालायला मदत करते, पण तयार झालेल्या वस्तूचा भाग होत नाही.

काही पाठराखिणी तर नवरीला चक्क खोलीत घेऊन दार लावतात. दोन कड्या एकमेकींवर ठेवल्यासारखे त्यांचे पिंप असते. माळ आत जाते, झाकण बसते आणि गर्दीपासून दूर, काही सेकंद एकांतात तिला घडी घालता येते. फ्रान्झ-उलरिख हार्टल आणि आर्थर हॉर्विच यांना या शोधाबद्दल २०११ चे लास्कर पारितोषिक मिळाले.

आता प्रश्न असा की संकट आले आहे हे पेशीला कळते कसे? तिला काही तापमापक लावलेला नसतो. यातली युक्ती मला फार आवडली. एरवी पाठराखिणींपैकी काही जणी एका विशिष्ट प्रथिनाला धरून बसलेल्या असतात. हे प्रथिन म्हणजे घंटा वाजवणारा शिपाई. त्याला धरून ठेवले आहे तोवर तो गप्प. उष्णतेने चोहीकडे घड्या मोडू लागल्या की पाठराखिणी शिपायाला सोडून तिकडे धावतात. मोकळा झालेला शिपाई केंद्रकात जाऊन घंटा वाजवतो आणि नव्या पाठराखिणी तयार करण्याचा हुकूम सुटतो. कामाचा भार हाटला, पाठराखिणी रिकाम्या झाल्या, की त्या पुन्हा शिपायाला धरतात. घंटा बंद.

पेशीत आणखी एक जागा आहे जिथे हा प्रकार जास्त गुंतागुंतीचा होतो. शाळेच्या पुस्तकात तिचे नाव आंतर्द्रव्यजालिका असे असते. पेशीबाहेर पाठवायची किंवा तिच्या पापुद्र्यात बसवायची प्रथिने, म्हणजे एकूण प्रथिनांपैकी जवळपास तिसरा हिस्सा, या जालिकेत घडी घालून पुढे रवाना होतात. तिथे बिघडलेला माल साचला तर काय होते हे समजून घेताना मला सारखी बँक आठवत होती. थकीत कर्जे साचलेली शाखा मी जवळून पाहिली आहे. १९९२-९३ पासून अनुत्पादक कर्जांचे नवे निकष लागू झाले तेव्हा तर रोजच पाहत होतो. अशा शाखेला वरून येणारा पहिला आदेश ठरलेला असे. नवे कर्जवाटप थांबवा. दुसरा, वसुलीला जादा माणसे लावा. तिसरा, जे बुडालेच आहे ते निर्लेखित करून वह्या स्वच्छ करा. आणि एवढे करूनही शाखा सावरली नाही, तर ती बंद करा.

पेशी हेच करते, याच क्रमाने. जालिकेच्या पापुद्र्यात तीन पहारेकरी बसलेले असतात. एक जण नव्या प्रथिनांचे उत्पादनच मंद करतो. दुसरे दोघे जादा पाठराखिणी मागवतात, जालिका रुंद करतात. त्यांतल्या एकाची तऱ्हा तर न्यारीच. ज्या संदेशातून मदतीचा हुकूम निघायचा तो संदेश पेशीत आधीच लिहून ठेवलेला असतो, पण मध्ये एक निरर्थक तुकडा असल्यामुळे नीट वाचता येत नाही. हा पहारेकरी संकटाच्या वेळी तो तुकडा कापून काढतो, दोन टोके जोडली जातात आणि हुकूम वाचता येऊ लागतो. सॅन फ्रान्सिस्कोचे पीटर वॉल्टर आणि क्योटोचे काझुतोशी मोरी यांनी १९९३ मध्ये एकमेकांपासून स्वतंत्रपणे, पाव फुगवायला वापरतात त्या यीस्टमध्ये हा पहारेकरी शोधला. २०१४ चे लास्कर पारितोषिक दोघांना मिळून देण्यात आले. दुरुस्त न होणाऱ्या मालावर शिक्का मारून तो मोडीत काढणारी यंत्रणा वेगळी आहे. ती उलगडणाऱ्या तिघांना २००४ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आणि कशानेच भागले नाही, तर जी यंत्रणा पेशीला वाचवायला धडपडत होती तीच तिच्या मरणाचा हुकूम काढते. बिघडलेली पेशी जिवंत राहून शेजाऱ्यांना त्रास देण्यापेक्षा ती गेलेली बरी, असा शरीराचा हिशेब. शाखा बंद करण्याचा कागद वाचताना साहेबलोकांचे हात थरथरत. पेशीला तो संकोच नाही.

हे सगळे दूरचे वाटत असेल तर मधुमेहाकडे पाहावे. घरटी एक तरी गोळी घेणारे माणूस असण्याचे दिवस आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत. स्वादुपिंडातील इन्शुलिन बनवणारी पेशी जोमात असताना मिनिटाला दहा लाखांच्या घरात इन्शुलिनचे पूर्वरूप तयार करते, आणि प्रत्येकाच्या घडीत तीन टाके अचूक पडावे लागतात. जपानमधील अकिता येथील उंदरांची एक जात आहे. तिच्या इन्शुलिनमधला एकच मणी बदललेला, त्यामुळे एक टाका पडत नाही. बिघडलेला माल जालिकेत साचतो, पहारेकरी घंटा वाजवून दमतात, पेशी मरतात आणि उंदीर लहानपणीच मधुमेही होतो. माणसांतही असा बदल घेऊन जन्मणारी तुरळक बाळे आहेत. आपल्या नेहमीच्या मधुमेहाची कारणे पुष्कळ आहेत, पण वर्षानुवर्षे जादा इन्शुलिन बनवण्याचा ताण या जालिकेवर पडतो हे त्यांतले एक असल्याचे अभ्यासक मानतात.

आता बियाण्याकडे. 'जालना सोने का पालना' ही म्हण जुनी, बाजारपेठेच्या वैभवाची. पण गेल्या साठ वर्षांत जालन्याचे नाव देशभर झाले ते बियाण्यांमुळे. बद्रीनारायण बारवाले यांनी भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केली, १९६४ साली कंपनी काढली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. २०१७ मध्ये ते गेले. जालन्यात बँकेत नोकरी करणाऱ्याला बियाण्याची पोती, कोठार, उगवणशक्तीचे दाखले हे सगळे तारण म्हणून पाहण्याची सवय असते. उगवणशक्ती म्हणजे काय हे मात्र आम्ही कधी विचारले नाही. टक्का पाहायचा आणि सही करायची.

विचार केला तर बी ही थक्क करणारी वस्तू आहे. जिवंत पेशीतले पाणी काढून घेतले की प्रथिनांच्या घड्या मोडतात, त्या एकमेकींना चिकटतात आणि पेशी मरते. बी मात्र स्वतःला दहा टक्के ओलाव्याच्या आसपास सुकवून घेते, कोठारात उन्हाळा काढते आणि मृगाच्या पावसाला उठून बसते. कसे? झाडावर बी पिकत असतानाच, उष्णतेचा काही संबंध नसताना, त्यात उष्माघात-प्रथिने भरली जातात. संकट येणार हे गृहीत धरून आधीच पाठराखिणी बोलावून ठेवलेल्या. त्यांच्या जोडीला आणखी एक जमात असते, जिचा शोध अमेरिकेच्या लिऑन ड्युअर यांनी १९८१ मध्ये लावला. कुठल्या बियाण्यात, तर सरकीत! ज्या सरकीची ढेप आपण म्हशीला घालतो त्या सरकीत. गर्भ पिकण्याच्या शेवटच्या टप्प्यात ही प्रथिने मुबलक तयार होतात आणि सुकलेल्या पेशीत इतर प्रथिनांच्या मधे मधे राहून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत.

बी उगवून झाड झाले की त्याला पळून जाता येत नाही. बैल लिंबाखाली जातो, गडी ओसरीवर पडतो, कपाशी जागेवरच. तिथे उष्माघात-प्रथिनांचा खरा कस लागतो. झाडाला एकदम कडक ऊन दाखवले तर ते मरते, पण आधी थोडी मध्यम झळ बसू दिली तर तेवढेच कडक ऊन सोसते. २००० साली एका छोट्या प्रयोगवनस्पतीत हे सिद्ध झाले की ही सहनशक्ती एका विशिष्ट पाठराखिणीवर अवलंबून असते. ती घडी घालत नाही, गुंतलेल्या माळा ओढून ओढून सोडवते. दिल्ली विद्यापीठात अनिल ग्रोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली तिचे जनुक बासमती भातात घालून तो जास्त उष्णता सोसतो असे दाखवले. तो प्रयोगशाळेतला प्रयोग होता. पण दिशा कळते. मार्च २०२२ हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला, उत्तरेतला गहू दाणा भरण्याच्या ऐन वेळी भाजला आणि १३ मे रोजी सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. त्यानंतर या विषयाला निव्वळ पुस्तकी कोण म्हणेल?

तरी माझ्यातला जुना कर्ज-अधिकारी इथे थोडा सावध होतो. पाठराखिणी फुकट येत नाहीत. त्यांना ऊर्जा लागते, आणि त्या धावपळीत असताना नवी वाढ थांबलेली असते. पीक तगते, पण भरत नाही. शिवाय परागकणांत हा प्रतिसाद अनेक पिकांत तोकडा पडतो. पान हिरवे, झाड उभे आणि फळ धरलेले नाही, असे उष्ण वर्षात दिसते ते यामुळेही. आणि २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, टँकरने पाणी घालून घालून थकलेल्या लोकांनी डोळ्यांदेखत झाडे तोडून सरपणाला दिली, तिथे कुठली पाठराखीण काय करणार होती? मुळाशी पाणी नसेल तर पेशीतली सगळी शहाणी यंत्रणा कोरडी. बियाण्यात एक जनुक घातले की दुष्काळ मिटला, असे कोणी सांगू लागला तर मी त्याला तारण विचारीन.

गुरुजींच्या मेंदूत जे प्रथिन साचले होते त्याचे नाव अल्फा-सायन्युक्लिन. हे मुळात मोकळेढाकळे प्रथिन, त्याला इतरांसारखी ठाशीव घडी नाही. पण काही मेंदूंत त्याच्या माळा एकमेकींवर थर लावून बसतात आणि त्यांचे धागे होतात. मरत चाललेल्या पेशींत दिसणारे जे गोळे डॉक्टरांना ठाऊक होते ते याच धाग्यांचे असतात, हे १९९७ मध्ये उघड झाले. धागे होण्याआधी काय घडते यावर मुंबईच्या आय. आय. टी.मध्ये समीर माजी यांच्या गटाने महत्त्वाचे काम केले आहे. पाण्यात तेलाचे थेंब जमावेत तसे हे प्रथिन आधी थेंबांत गोळा होते आणि मग ते थेंब हळूहळू थिजत जातात, असे त्यांनी २०२० साली दाखवले. चेतापेशी एकदा गेली की साधारणपणे तिच्या जागी नवी येत नाही. तिला तीच घडी, तीच साफसफाई सत्तर-ऐंशी वर्षे सांभाळावी लागते, आणि म्हातारपणी पाठराखिणींची यंत्रणाच मंदावते.

२००२ साली अमेरिकेत या आजाराची नक्कल माशीत केली गेली. रितोसांच्याच माशीच्या गोतातली ती. माणसाचे अल्फा-सायन्युक्लिन तिच्या मेंदूत तयार होऊ दिले की चेतापेशी मरत. त्याबरोबर एक उष्माघात-प्रथिन जादा दिले की त्या वाचत. माशीत जमले ते माणसात अजून जमलेले नाही. आजही कंपवाताचे मुख्य औषध मेंदूत कमी पडलेले रसायन भरून काढते, बिघडलेल्या प्रथिनाला हात लावत नाही. ते औषधी द्रव्य, लेव्होडोपा, आपल्या रानात वाढणाऱ्या खाजकुयलीच्या बियांत असते आणि १९३७ साली मद्रासच्या संशोधकांनी ते त्यातून वेगळे काढले होते. (म्हणून कोणी घरी खाजकुयली कुटत बसू नये. मात्रा चुकली तर भलतेच होते.)

पुढच्या वर्षी गुरुजींची सही अजिबातच उमटेना. नियमात वाट होती. दोन साक्षीदारांसमोर अंगठा, त्यांतला एक बँकेचा माणूस. अंगठ्याचा शब्द त्यांच्याकडे काढायला मला आठ दिवस लागले. अर्ध्या गावाला सही करायला शिकवलेला माणूस तो. आमचा शिपाईसुद्धा त्यांच्याच हाताखाली पाटी गिरवलेला, आणि शाईचा पॅड पुढे करायचा तर त्यानेच. त्याने तो मेजावर ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. साक्षीदार म्हणून मी सही केली. गुरुजींनी अंगठा टेकवला, कागदावरचा ठसा नीट उठला आहे ना हे चष्मा सावरून पाहिले, धोतराच्या सोग्याला शाई पुसली आणि मला म्हणाले, "साहेब, तारीख तेवढी मी घालतो."

ती घालायला त्यांना बराच वेळ लागला. रांगेतले कोणी काही बोलले नाही.